सात माणसांची व्हॅन ट्रेलर किती ओढेल आणि गॅस किती पिईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं सात माणसांचं कुटुंब: तुम्ही दोघं, तीन मुलं आणि उन्हाळ्यापुरते भारतातून आलेले आई-बाबा. जुलैमध्ये यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचंय. रोज नवं हॉटेल शोधायला नको म्हणून २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं मनात आहे. तो ओढायला वापरलेली शेव्हरोले एक्सप्रेस ३५०० पाहून ठेवली आहे, बारा आसनी, ६.० लिटरच्या व्ही-८ इंजिनाची आणि सहा गिअरांची. माहितीपत्रकात ती ९,६०० पौंड ओढते असं लिहिलंय. ट्रेलर पूर्ण भरला तरी ७,६०० पौंड, म्हणजे दोन हजारांची मोकळीक आहे, मग काळजी कशाला, असं तुम्ही म्हणता. शिवाय मायलेज किती मिळेल, म्हणजे गॅस (इथे पेट्रोलला गॅसच म्हणतात) किती लागेल, आणि इतर व्हॅन कशा, तेही विचारलंय.

व्हॅन चांगली निवडलीत. ट्रेलरही तिच्या आवाक्यातला आहे. दोन हजार पौंडांची मोकळीक मात्र तुमच्याकडे नाही, आणि मायलेजचा हिशेब वजनावरून मांडाल तर तो चुकेल. गेली बावीस वर्षं मी कोलोरॅडोत एका वर्कशॉपमध्ये याच जातीच्या मोठ्या व्हॅन दुरुस्त करतो. चर्चच्या, शटलच्या, प्लंबरच्या, आणि तुमच्यासारख्या मोठ्या कुटुंबांच्याही. घरचा ट्रेलरही अशाच व्हॅनने ओढतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तो ९,६०० चा आकडा. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा आकडा मूळ व्हॅन आणि एक चालक एवढंच धरून काढलाय. तुमच्या गाडीत मात्र सात माणसं, त्यांच्या बॅगा, कूलर आणि आईंचा स्वयंपाकाचा डबा असणार. खरी मर्यादा असते ती व्हॅन, ट्रेलर आणि दोन्हींतलं सगळं सामान मिळून होणाऱ्या वजनाची. तिला जीसीडब्ल्यूआर म्हणतात, आणि या व्हॅनसाठी ती १६,००० पौंड धरा. रिकामी व्हॅन सुमारे ६,३०० पौंडांची. उरले ९,७००. सात माणसांचे, मुलं लहान आहेत असं धरून, ८८०. सामानाचे ४००. ट्रेलर जोडायची वजन वाटणारी हिच एकटीच शंभराच्या घरात जाते. हे सगळं वजा केल्यावर ट्रेलरसाठी राहतात ८,३२० पौंड. प्रवासाला निघताना तुमचा ट्रेलर ७,४०० च्या आसपास भरेल. म्हणजे मोकळीक नऊशे पौंडांची, तीही समुद्रसपाटीवर.

ट्रेलर विकणारा तुम्हाला ‘ड्राय वेट’ सांगेल, साडेपाच-सहा हजार. त्या आकड्यावर काहीच ठरवू नका. त्यात पाणी नसतं, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्यांतला प्रोपेन नसतो, बऱ्याचदा बॅटरीही नसते. पाण्याचं वजन गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. भांडी, अंथरुणं, खुर्च्या, चादरी, पंधरा दिवसांचा किराणा धरला की हजार-दीड हजार पौंड कधी चढतात ते कळतही नाही. ट्रेलरच्या कमाल वजनाच्या स्टिकरपेक्षा शंभर-दोनशे पौंड कमी, एवढंच गृहीत धरा.

दुसरी मर्यादा व्हॅनच्या स्वतःच्या पोटाची. चालकाचं दार उघडलं की एक स्टिकर दिसतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नका असं सांगणारा. ट्रेलरचा जो भार हिचवर पडतो, त्याला टंग वेट म्हणतात, तोही यातच मोजायचा. ट्रॅव्हल ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर हवा. तुमच्या ट्रेलरचा साधारण ९६० पौंड होईल. माणसं, सामान, हिच आणि हे ९६० मिळून २,३४० झाले. व्हॅनची स्वतःची, माणसं-सामान धरून, कमाल वजनमर्यादाही ९,६०० पौंडच, रिकामं वजन ६,३००, म्हणजे पोटात ३,३०० ची जागा आहे. इथे तुम्ही निवांत बसता, आणि मोठ्या व्हॅनचं खरं मोल मला इथेच दिसतं. सात माणसं बसवलेल्या बहुतेक मोठ्या एसयूव्हींचा हा आकडा ट्रेलर जोडायच्या आधीच संपायला आलेला असतो, मग त्यांच्या माहितीपत्रकात आठ हजार लिहिलेले असोत की साडेआठ. तुमचे मित्र एसयूव्ही घ्या म्हणून मागे लागले, तर त्यांना दारावरचा हा स्टिकर वाचायला सांगा.

रिसीव्हरवरचा, म्हणजे हिच ज्या चौकोनी नळीत बसते तिच्यावरचा, स्टिकरही वाचा. त्यावर दोन आकडे असतात, एक साध्या बॉल-माउंटसाठी आणि दुसरा वजन वाटणाऱ्या हिचसाठी. साध्या बॉलचा आकडा बराच कमी असतो. तुमच्या ट्रेलरला वजन वाटणारी हिच लागेलच, त्यात तडजोड करू नका. तिचे स्प्रिंग बार हिचवरचा काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. ती नसेल तर व्हॅनची शेपूट खाली बसते, नाक वर येतं, आणि स्टिअरिंग हलकं, पोकळ लागायला लागतं.

आता उंचीबद्दल. मी डेन्व्हरजवळ राहतो, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, त्यामुळे हे मला रोज दिसतं. तुमचं ६.० चं इंजिन टर्बोविना, म्हणजे हवा दाबून न भरता, नुसतीच आत घेतं. दर हजार फुटांना त्याची सुमारे तीन टक्के ताकद जाते. समुद्रसपाटीवर ते ३४० अश्वशक्तीच्या जवळ असतं. वायोमिंगमधल्या बिगहॉर्न डोंगरातल्या पावडर रिव्हर खिंडीत, ९,६६६ फुटांवर, २४० उरते. माझ्या हिशेबाने १५,००० पौंडांची जोडी सहा टक्के चढावर ताशी ६० मैलांनी चढवायला इंजिनाकडून २७० च्या आसपास लागतील. ते तिच्याकडे नाहीतच. ताशी ४५ ने चढायला १८० पुरतात, आणि ते आहेत. म्हणून चढावर उजव्या लेनमध्ये या, ४५ वर या, टो-हॉल मोड (ओझं ओढताना खालचे गिअर धरून ठेवणारं बटण) चालू ठेवा, आणि गाडीने दुसरा गिअर घेतला तर घेऊ द्या. इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर चार हजारांच्या वर जाईल, इंजिन ओरडेल. ओरडू द्या. ते त्यासाठीच बांधलंय. पेडल दाबून वरच्या गिअरमध्ये कुंथत चढवल्याने इंजिनापेक्षा ट्रान्समिशन, म्हणजे गिअरची पेटी, जास्त तापतं, आणि माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या बहुतेक मेलेल्या ट्रान्समिशनांची गोष्ट उष्णतेपासूनच सुरू होते. ट्रान्समिशनच्या तेलाचं तापमान दाखवणारा मीटर असेल तर २०० फॅरनहाइटच्या आसपास ठेवा. २२० च्या वर चढू लागलं की थांबा.

फोर्डच्या टोइंग मार्गदर्शिकेत यासाठी एक सोपा नियम दिलाय. दर हजार फुटांना एकूण वजन दोन टक्क्यांनी कमी करायचं. हा नियम तुमच्या शेव्हरोलेला लावला तर ८,००० फुटांवर १६,००० चे १३,४४० होतात, आणि तुमची जोडी १५,००० च्या वर आहे. गाडी तिथे बंद पडेल असा याचा अर्थ नाही, मात्र तिथे तिच्याजवळ राखीव काही उरलेलं नसेल. म्हणून मी तुमचा मार्गच बदलायला सांगणार आहे. ते पुढे सांगतो.

व्हॅन सहा गिअरांचीच आहे ना, याची खात्री करून घ्या. २००९ च्या आसपासपर्यंत या व्हॅनना चार गिअरांचं ट्रान्समिशन येत असे, दणकट, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये मोठी दरी असलेलं. दुसऱ्याचं गुणोत्तर १.४८ आणि तिसऱ्याचं थेट १. चढावर दुसऱ्यात इंजिन किंचाळतं आणि तिसऱ्यात गाडी मरते, मधलं काही हाताशीच नसतं. सहा गिअरांच्या पेटीत त्या टप्प्यात २.३६, १.५३, १.१५ अशा पायऱ्या आहेत. ओढण्याचं काम असेल तर दोन वर्षं नवी आणि थोडी महाग गाडी निव्वळ या कारणासाठी घ्यावी असं माझं मत आहे.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: व्हॅन आखूड की लांब? एक्सप्रेसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १३५ इंच किंवा १५५ इंच असतो. ट्रेलर ओढायचा असेल तर १५५ चाच घ्या. पार्किंगमध्ये वळवताना घाम फुटेल, पण रस्त्यावर ती रुळावर चालल्यासारखी सरळ जाते. जुन्या फोर्ड इकॉनोलाइनमध्ये याच्या उलट आहे. तिच्या लांब आवृत्तीचाही व्हीलबेस १३८ इंचच, वाढवलेला सगळा भाग मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबतो. हिच मागच्या अ‍ॅक्सलपासून जितकी लांब, तितकी तिच्या टोकाला तरफ मोठी, आणि ट्रेलर व्हॅनची शेपूट तितकी सहज हलवतो. इकॉनोलाइन मला इंजिनासाठी आवडते, पण लांब इकॉनोलाइनमागे २८ फुटी ट्रेलर मी माझ्या माणसांना घेऊन लावणार नाही.

आणि आता ज्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, ते. मी मूळचा सांगलीकडचा. लहानपणी कारखान्यावर जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या भरताना पाहिल्यात. मोळ्या मागे जास्त लागल्या की गाडी उलाळ व्हायची; जू वर उचललं जायचं आणि जोताचा फास बैलांच्या गळ्याला बसायचा. पुढे जास्त भरली की बैल गुडघ्यावर यायचे. गाडीवान मोळ्या पुढे-मागे सरकवून जोखडावर बेताचा भार आणायचा. टंग वेट म्हणजे नेमकं तेच. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर लगेच कळतं, आणि ट्रेलर उलाळ असेल तर ते ताशी साठ मैलांच्या वेगाला कळतं.

मला ते २००९ मध्ये कळलं. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर शर्मन समिट ८,६४० फुटांवर आहे, तिथून लॅरमीकडे उतरताना. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर मी चार सायकली बांधल्या होत्या. सांडपाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे आहे, ती कॅम्पग्राउंडवर रिकामी न करता तशीच भरलेली. बाजूने एक मोठा ट्रक पुढे गेला, त्याच्या हवेने ट्रेलर आधी बाहेर ढकलला गेला आणि मग आत ओढला गेला. एक झोका, मग दुसरा त्याहून मोठा, तिसऱ्याला व्हॅनचं मागचं टोक लेनबाहेर. बायको मागच्या सीटवर मुलीचं डोकं छातीशी धरून बसली होती. सुदैवाने हात ब्रेक कंट्रोलरच्या पट्टीवर गेला. ती पट्टी दाबली की नुसते ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ होतो. पुढच्या तोलकाट्यावर हिचवरचा भार मोजला: ६,४०० पौंडांच्या ट्रेलरला ४६०, म्हणजे सात टक्के. चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसानंतर ट्रेलरच्या मागच्या बंपरवर मी काहीही बांधलेलं नाही.

म्हणून तुम्हाला हे हात जोडून सांगतो. झोके सुरू झाले तर व्हॅनचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने झोका मारायला जाऊ नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबा. ही पट्टी कुठे आहे ते निघण्याआधी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दहा वेळा न बघता चाचपून पहा. तुमच्या सौ. गाडी चालवणार असतील तर त्यांनीही. ट्रेलरमधलं जड सामान अ‍ॅक्सलच्या जरा पुढे आणि जमिनीलगत ठेवा. सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करूनच निघा.

व्हॅनच्या आतही हाच विचार करा. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था एनएचटीएसए हिने २००१ मध्येच पंधरा आसनी व्हॅनबद्दल इशारा दिला होता. दहा किंवा जास्त माणसं बसली की गाडी उलटण्याचा धोका हलक्या भरलेल्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट होतो, कारण माणसं बसतात ती वर आणि मागे. तुम्ही सातच आहात. सगळ्यात मागचा बाक काढून घरी ठेवा, तो निघतो. सगळी माणसं मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बसवा आणि मोकळ्या झालेल्या जागेत बॅगा खाली पसरून ठेवा, छतापर्यंत रचू नका. आई-बाबांना दुसऱ्या रांगेत बसवा, चढायला-उतरायला तिथेच सोपं, आणि एसीही तिथे नीट लागतो. बेल्ट सगळ्यांचे लावलेले. बाबा कुरकुर करतील, तरी.

मायलेजकडे येतो. पहिली अडचण ही की एवढ्या मोठ्या व्हॅनचा सरकारी आकडा बऱ्याचदा मिळत नाही. कमाल वजनमर्यादा ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या बहुतेक व्यावसायिक गाड्यांना काचेवर ईपीएचं, म्हणजे सरकारी पर्यावरण संस्थेचं, मायलेज लेबल लावायची सक्ती नाही. म्हणून विक्रेता काहीही सांगू शकतो. माझा अनुभव असा: रिकामी, हायवेवर ताशी ६५ मैलांनी, गॅलनला १५ ते १६ मैल. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लिटरला साडेसहा किलोमीटर. गावात ११-१२. मागे तुमच्यासारखा ट्रेलर लावला की ९, वारा समोरून असेल तर ७.

वजनामुळे मायलेज पडतं असं बहुतेकांना वाटतं. सपाट रस्त्यावर खरा खाऊ वारा असतो. तुमचा ट्रेलर आठ फूट रुंद आणि जमिनीपासून जवळजवळ अकरा फूट उंच. व्हॅन सातच फूट. वरचा चार फुटांचा सपाट पत्रा थेट वाऱ्यात उभा राहतो. मी गणित मांडून पाहिलंय. ताशी ६० मैलांना लागणाऱ्या जोरापैकी सुमारे तीन चतुर्थांश हवा कापण्यात जातो, आणि चाकांच्या घर्षणात, जे वजनावर ठरतं, त्यात एक चतुर्थांश. तुम्ही पाचशे पौंड सामान घरी ठेवलंत तर सपाटीवर एक टक्काही गॅस वाचणार नाही. ताशी ७० ऐवजी ६० ने गेलात तर हवेचा विरोध २६ टक्क्यांनी उतरतो, आणि एकूण ओढ पाचव्या हिश्शाहून जास्त. माझ्या वहीत एकाच ट्रेलरच्या, एकाच रस्त्यावरच्या नोंदी आहेत: ६० ला १० च्या जवळ, ६५ ला ९, ७० ला पावणेआठ. वजन कमी करायचं ते ब्रेकसाठी, टायरसाठी, चढासाठी. गॅस वाचवायचा तर वेग कमी करा आणि ट्रेलर बुटका घ्या. दोन ट्रेलरांमध्ये निवड करायची वेळ आली तर दीड फूट आखूड असलेल्यापेक्षा अर्धा फूट बुटका असलेला घ्या.

साठच्या वर न जाण्याचं अजून एक कारण ट्रेलरच्या टायरांमध्ये आहे. ‘एसटी’ असं लिहिलेले बरेच टायर, वेगळं काही छापलेलं नसेल तर, ताशी ६५ मैलांपुरतेच बनवलेले असतात. वापरलेला ट्रेलर घेत असाल तर टायरवरचे डीओटीनंतरचे शेवटचे चार आकडे पहा, आठवडा आणि वर्ष कळतं. सहा वर्षं होऊन गेली असतील तर नक्षी नवी दिसली तरी बदला.

खर्च काढू. जाऊन-येऊन ४,४०० मैल धरा. ९ च्या मायलेजने ४९० गॅलन लागतील. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर १,७१५ डॉलर. हाच प्रवास ट्रेलरविना १५ ने केला असता तर सुमारे १,०३०. म्हणजे ट्रेलरचा गॅसमधला खरा खर्च सातशे डॉलरच्या आसपास. सात माणसांना रोज दोन खोल्या लागल्या असत्या, ते धरून तुम्हीच तोला. टाकी ३१ गॅलनची आहे. दोनशे मैलांच्या आतच भरायची सवय ठेवा, मोंटानात पंप लांब लांब असतात, आणि पन्नास फुटांची जोडी वळवता येईल असा पंप हवा असतो. पिवळ्या झाकणाचं फ्लेक्स-फ्युएल इंजिन असेल तर ई-८५, म्हणजे बरंचसं इथेनॉल असलेलं इंधन, स्वस्त दिसेल. भरू नका. मायलेज साधारण पाव हिश्शाने पडतं आणि बचत हातात येत नाही. साधा ८७ ऑक्टेनचा गॅस पुरतो.

इतर व्हॅनबद्दल विचारलंत म्हणून थोडक्यात. फोर्ड ट्रान्झिट इकोबूस्ट रिकामी असताना जास्त मायलेज देते, आणि टर्बोमुळे उंचीवर दमत नाही. पण ओझ्याखाली टर्बो भरपूर गॅस मागतो आणि तिची ओढायची मर्यादा सात हजारांच्या आसपासच येते. तुमच्या ट्रेलरला ती लहान. स्प्रिंटर डिझेल, मायलेज उत्तम, पण बहुतेक मॉडेलं ५,००० पौंडांची. साडेसात हजार फक्त ३५०० ला. प्रोमास्टर पुढच्या चाकांनी चालते. मागे हिचवर भार टाकला की पुढची, म्हणजे ओढणारी, चाकं हलकी होतात. ओल्या चढावर मला ते पटत नाही. डिझेल ड्युरामॅक्सची जुनी एक्सप्रेस मिळाली तर ओढायला ती या सगळ्यांत सरस, पण दुरुस्तीची बिलं मी रोज बनवतो, आणि वर्षातून एका सहलीसाठी मी तुम्हाला ती घ्यायला सांगणार नाही. ६.० चा पेट्रोल व्ही-८ साधा, जुना, कुठल्याही गावातल्या मेकॅनिकला कळणारा आहे. वायोमिंगच्या मधोमध अडकल्यावर याचं मोल कळतं.

आता मार्ग. नकाशा तुम्हाला बिगहॉर्न ओलांडून पार्काच्या पूर्वेच्या कोडी गावाला नेईल. यूएस १४-ए वर ट्रेलर घेऊन मुळीच जाऊ नका, तिथे दहा टक्क्यांचे उतार आहेत. जॅक्सनकडे जाणारा टिटन पासही तसाच. आय-८० ने वायोमिंग पार करायचं म्हणाल, तर तिथे वाऱ्यामुळे हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद होतो, आणि तुमचा ट्रेलर नेमका त्याच वर्गातला. तुम्ही आय-९० धरून मोंटानात लिव्हिंगस्टनपर्यंत जा आणि तिथून यूएस ८९ ने नदीकाठाने दक्षिणेला, पार्काच्या उत्तर दाराशी असलेल्या गार्डिनरला. थोडं लांब पडतं, पण मोठी खिंड लागत नाही. लिव्हिंगस्टनला वारा जोराचा असतो, तिथे पन्नासने चला. ट्रेलर गार्डिनरच्या आसपास लावून ठेवा आणि पार्कात रोज नुसती व्हॅन घेऊन फिरा. पार्कातल्या आठ हजार फुटांच्या चढांवर मग १३,४४० चा प्रश्नच उरत नाही, मायलेज परत चौदा-पंधरावर येतं, आणि बायसन रस्त्यात उभे राहिले तर मागे ट्रेलरची रांग लावायला नको.

व्हॅन घेण्याआधी तिच्याखाली वाकून पहा: कारखान्यातून आलेलं टोइंग पॅकेज आहे का, सात पिनांचं सॉकेट आहे का, ट्रान्समिशनचा वेगळा कूलर आहे का. ट्रान्समिशनच्या तेलाचा रंग तपकिरी आणि वास जळका आला तर किंमत कितीही कमी असली तरी सोडून द्या.

आणि निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं सामान भरून, सातही जणांना बसवून, जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या तोलकाट्यावर, जा. थोड्या डॉलरांत काम होतं. तीनदा वजन करा: आधी व्हॅन आणि ट्रेलर जोडून, स्प्रिंग बार लावून; मग तीच जोडी स्प्रिंग बार काढून; आणि शेवटी ट्रेलर बाजूला सोडून एकटी व्हॅन. दुसऱ्या पावतीवरच्या व्हॅनच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेतून तिसऱ्या पावतीचं एकूण वजन वजा केलं की हिचवरचा खरा भार निघतो. पहिल्या पावतीत पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन एकट्या व्हॅनच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या वजनापेक्षा फार घटलेलं दिसलं तर बारची साखळी एक कडी घट्ट करा. तिन्ही पावत्यांचे आकडे आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडा मला कळवा. हिच कशी लावायची ते मी आकडे बघून सांगतो.